मॉर्फिनची धास्ती आणि ट्रॅमाडॉलची सवय: एका घरातील दोन रुग्ण

प्रश्न असा आहे. प्रश्नकर्त्याच्या वडिलांना जबड्याचा कर्करोग असून आजार आता शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला आहे. वेदना असह्य झाल्यामुळे रुग्णालयातील पॅलिएटिव्ह केअर (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) विभागाने त्यांना मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून दर चार तासांनी घेण्यास लिहून दिली आहे. परंतु "ती अफूच, एकदा सुरू झाली की सुटायची नाही" या धास्तीने गोळ्यांची पट्टी कपाटात तशीच पडून आहे आणि अमेरिकेतील मामेभावाने फोनवरून या धास्तीत भरच घातली आहे. त्याच घरात आईंना गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी गेले आठ महिने दिवसातून तीनदा चालू आहे. त्यांना मधुमेह आहे, झोपेसाठी रात्री क्लोनाझेपामची गोळी असते, आणि तीन महिन्यांनी त्या धाकट्या मुलाकडे शारजाला जाणार आहेत. वडिलांना मॉर्फिनऐवजी आईंच्याच "साध्या" गोळ्या दिल्या तर चालतील का, असे विचारले आहे.

चालणार नाहीत. पण त्याहून महत्त्वाचे हे की, या घरात भीती आहे ती चुकीच्या गोळीची. वडिलांसाठी मॉर्फिन हे योग्य औषध आहे आणि ते नीट दिल्यास त्यातला धोका आटोक्यात राहतो. आईंची गोळी मात्र त्यांच्या आजारात फारसा उपयोग नसताना, दोन-तीन धोके अंगावर घेऊन, कोणीही फेरविचार न करता चालू राहिलेली आहे. वेदनांच्या रुग्णांमध्ये काम करताना ही उलटापालट मला इतक्या घरांत दिसते की, तिचे आता आश्चर्य वाटत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ट्रॅमाडॉल ही "साधी" वेदनाशामक गोळी नाही. मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल, मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन, टॅपेंटाडॉल आणि ट्रॅमाडॉल ही सर्व ओपिऑइड या एकाच कुळातील औषधे आहेत. काही थेट अफूच्या चिकातून मिळतात, काही प्रयोगशाळेत घडवली जातात, पण मेंदूतील, मज्जारज्जूतील आणि आतड्यांतील ज्या ग्राहींवर (पेशींवर औषध जिथे चिकटते त्या जागांवर) ती काम करतात ते ग्राही तेच. हे ग्राही चेतवले गेले की वेदनेचा संदेश वर पोहोचताना मंदावतो. दुखण्याचे मूळ तिथेच राहते, पण त्याची धार बोथट होते. याच ग्राहींमुळे आतड्यांची हालचाल मंदावून बद्धकोष्ठता होते, मळमळते, झापड येते, आणि मात्रा बेताबाहेर गेली तर श्वासाची लय नियंत्रित करणारे मेंदूतील केंद्रही मंदावते. ओपिऑइडने मृत्यू होतो तो जवळजवळ नेहमी या शेवटच्या कारणाने.

आता आकडे पाहू. तोंडाने घेतलेल्या ट्रॅमाडॉलची ताकद मॉर्फिनच्या साधारण एक दशांश ते एक पंचमांश धरतात. एकत्रित गोळीत ट्रॅमाडॉल ३७.५ मिलिग्रॅम असते. तीन गोळ्यांचे ११२.५ मिलिग्रॅम झाले, म्हणजे सुमारे ११ ते २२ मिलिग्रॅम मॉर्फिन. वडिलांना लिहून दिलेली सुरुवातीची मात्रा दिवसाकाठी ३० मिलिग्रॅमच्या आसपास येते. ज्या औषधाला घर घाबरते आहे, त्याच्या या मात्रेच्या एक तृतीयांशापासून तीन चतुर्थांशापर्यंत असर असलेले औषध आई आठ महिने चहाबरोबर घेत आहेत. शिवाय ट्रॅमाडॉलला वरची मर्यादा आहे. दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या पुढे ते देता येत नाही, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ३०० च्या पुढे नाही, कारण त्यानंतर फिट्स येण्याचा धोका वाढतो. एकत्रित गोळ्यांचे प्रमाण वाढवले तर आतील पॅरासिटामॉल यकृतावर येते. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत ही मर्यादा लवकर गाठली जाते आणि रुग्ण दुखण्यासह तिथेच अडकतो. मॉर्फिनला अशी ठरावीक कमाल मात्रा नाही. वेदना आणि दुष्परिणाम यांचा मेळ घालत डॉक्टर ती पायरी-पायरीने वाढवतात.

मामेभावाची काळजी निराधार नाही, पण तिचा संदर्भ वेगळा आहे. अमेरिकेत १९९६ पासून ऑक्सिकोडोन या ओपिऑइडची दीर्घकाळ काम करणारी गोळी पर्ड्यू फार्मा या कंपनीने पाठदुखी, सांधेदुखी, दात काढल्यानंतरचे दुखणे अशा सरसकट कारणांसाठी जोरात खपवली. व्यसनाचा धोका नगण्य आहे, असे डॉक्टरांना सांगितले गेले, आणि त्यासाठी ज्याचा वारंवार आधार घेतला गेला ते १९८० साली एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेले अवघ्या पाच वाक्यांचे पत्र होते. त्यात रुग्णालयात दाखल असताना ओपिऑइड मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी केवळ चौघांत व्यसन आढळल्याची नोंद होती. घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात एक अक्षरही नव्हते. कंपनीने २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. नंतरच्या वर्षांतील मृत्यूंचा मोठा वाटा चोरट्या बाजारातील फेंटानिलचा आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कर्करोगासाठी घेतलेल्या मॉर्फिनचा नाही. त्या शोकांतिकेतून धडा घ्यायचाच असेल तर तो आईंच्या गोळीबद्दल घ्यावा.

वडिलांच्या बाबतीत तीन गोष्टींची गल्लत होते आहे. काही आठवडे ओपिऑइड घेतल्यावर शरीर त्याला सरावते आणि ते अचानक बंद केल्यास त्रास होतो. हे शारीरिक अवलंबित्व, आणि ते जवळजवळ प्रत्येकात येते, जसे स्टेरॉइड किंवा रक्तदाबाची काही औषधे एकाएकी बंद करता येत नाहीत. कालांतराने त्याच परिणामासाठी जास्त मात्रा लागणे ही सहनशीलता. परंतु कर्करोगात मात्रा वाढवावी लागते ती बहुतेकदा आजार वाढल्यामुळे. व्यसन याहून वेगळे. औषधाची ओढ, ते मिळवण्यासाठी खोटे बोलणे, नुकसान दिसत असूनही थांबता न येणे, वेदनेसाठी नव्हे तर धुंदीसाठी घेणे, ही त्याची लक्षणे आहेत. वेदना होत असलेल्या कर्करोगाच्या रुग्णाने "पुढची गोळी कधी?" असे घड्याळाकडे पाहत विचारले, तर मात्रा अपुरी पडते आहे असाच अर्थ बहुधा असतो, मात्रा बरोबर केली की हा प्रश्न थांबतो. मात्र पूर्वी दारूचे किंवा अन्य व्यसन असल्यास, किंवा नैराश्यासारखा मानसिक आजार असल्यास, डॉक्टरांना ते आधीच सांगावे. अशा रुग्णालाही मॉर्फिन देता येते, फक्त थोड्या-थोड्या दिवसांच्या गोळ्या आणि जास्त वेळा भेट अशी व्यवस्था करावी लागते.

मॉर्फिन सुरू झाले म्हणजे शेवट जवळ आला, ही समजूतही तितकीच खोल रुजलेली आहे. योग्य मात्रेत हळूहळू वाढवलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. दोन घास सुखाने खाता येणे, रात्रीची झोप लागणे, अंथरुणातून उठून बसता येणे, या गोष्टी वेदना थांबल्याशिवाय होत नाहीत. औषध शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायचे नसते. ते वेदनेच्या तीव्रतेनुसार सुरू करायचे असते.

आता द्यायचे कसे, हे सविस्तर सांगतो, कारण बहुतेक घोळ इथेच होतात. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा परिणाम अर्ध्या तासात जाणवू लागतो, सुमारे तासाभरात पूर्ण होतो आणि चार तासांत ओसरतो. म्हणून ती "दुखले की" द्यायची नसते, घड्याळाप्रमाणे द्यायची असते. प्रचलित वेळापत्रक सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० असे असते; रात्री १० ची मात्रा दुप्पट देतात, म्हणजे पहाटे दोनला रुग्णाला उठवावे लागत नाही. या हिशेबाने वडिलांची दिवसाची मात्रा चार वेळा ५ आणि एकदा १०, अशी ३० मिलिग्रॅम होते. आपल्या चिठ्ठीवर रात्रीची मात्रा कशी लिहिली आहे ते एकदा विभागातून स्पष्ट करून घ्यावे आणि जे सांगतील तेच पाळावे. मध्येच वेदना उसळली तर द्यायची जादा मात्रा साधारणपणे चार तासांच्या मात्रेएवढीच असते. ती दिल्यानंतरही नेहमीची गोळी ठरलेल्या वेळीच द्यायची. एका साध्या वहीत वेळ, मात्रा, आणि शून्य ते दहा यांपैकी वेदना किती, एवढे तीन रकाने आखा. दोन-तीन दिवसांनी जादा मात्रा किती वेळा लागली, हे पाहूनच डॉक्टर पुढची मात्रा ठरवतात, आणि फोनवरून निर्णय घेताना ही वहीच उपयोगी पडते. मनाने मात्रा वाढवू नये. मनाने कमीही करू नये. "आज बरे वाटते आहे तर राहू दे" म्हणून दोन वेळा चुकवल्या की तिसऱ्या वेळी उसळलेली वेदना आटोक्यात आणायला दुप्पट कष्ट पडतात.

जबड्याच्या कर्करोगात तोंड उघडत नाही आणि गिळता येत नाही, असा प्रसंग पुढे येईल. साधी गोळी पाण्यात विरघळवून किंवा कुटून नाकातील नळीतून देता येते. परंतु मॉर्फिनच्या बारा तास काम करणाऱ्या गोळ्याही असतात, आणि त्या कुटल्या, चावल्या किंवा अर्ध्या केल्या तर बारा तासांचे औषध एकदम रक्तात उतरते. आपल्याकडे आत्ता साधी गोळी आहे. पुढे गोळ्यांची पट्टी बदलली तर देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

बद्धकोष्ठता हमखास होते. मळमळ आणि झापड शरीराच्या अंगवळणी पडतात, बद्धकोष्ठता कधीच पडत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून आतड्यांना चालना देणारे रेचक, म्हणजे सेना, बिसाकोडिल किंवा सोडियम पिकोसल्फेट यांपैकी एक, गरजेनुसार लॅक्टुलोजसारख्या मल मऊ करणाऱ्या औषधाबरोबर सुरू करतात. आपल्याकडे हात लगेच इसबगोलाकडे जातो, तो इथे आवरावा. इसबगोल पाणी शोषून मलाचा आकार वाढवते. पाणी कमी पिणाऱ्या, अंथरुणावर असलेल्या, आतडी मंदावलेल्या रुग्णात त्याचा गोळा अडकून बसू शकतो. तीन दिवस शौचास झाली नाही तर चौथ्याची वाट न पाहता कळवावे. आणि बरेच दिवस खडा अडकल्यानंतर पाण्यासारखे थोडे-थोडे शौच होऊ लागले, तर त्याला जुलाब समजून रेचक बंद करू नये. अडकलेल्या मलाच्या कडेने ते झिरपत असते. ही चूक शिकल्यासवरल्या घरांतही सर्रास होते.

मळमळ पहिल्या आठवड्यात ओसरते, तोवर मेटोक्लोप्रमाइडसारखे औषध देतात. पहिले दोन-तीन दिवस वडील जास्त झोपतील. त्यातली काही झोप औषधाची असेल, काही कित्येक रात्रींची राहिलेली. हाक मारल्यावर डोळे उघडून नीट उत्तर देत असतील, तर घाबरू नये. तोंड कोरडे पडणे, खाज, घाम, आणि प्रोस्टेट वाढलेली असल्यास लघवी अडकणे, हेही होऊ शकते. मॉर्फिनचे विघटित घटक मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. त्यामुळे रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावल्याची खूण) वाढलेले असल्यास, किंवा उलट्या-जुलाबांनी लघवी कमी झाल्यास, तीच मात्रा जड होऊ लागते. हातापायांना बारीक झटके येणे, भास होणे, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, ही त्याची खूण असते. अशा वेळी पुढची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

जबड्यातून कानाकडे विजेसारखी जाणारी किंवा आग होणारी वेदना असेल, तर ती नसांची असते. त्यावर मॉर्फिन एकटे पुरत नाही. ॲमिट्रिप्टिलीन किंवा प्रीगाबालिनसारखे औषध बेताने जोडावे लागते. मॉर्फिन "लागू पडत नाही" असे वाटले तर हे विचारावे.

पुढे कधी चिकटपट्टीतून दिले जाणारे फेंटानिल सुचवले जाईल. त्याची पट्टी तीन दिवस चालते, पण असर यायला बारा ते चोवीस तास लागतात आणि काढल्यानंतरही त्वचेतून औषध रक्तात येत राहते. म्हणून वेदना स्थिर झालेल्या आणि आधीपासून ओपिऑइड चालू असलेल्या रुग्णालाच ती लावतात. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी, शेक किंवा कडक ऊन लागले, अथवा ताप चढला, तर औषध झपाट्याने शोषले जाते. तेल लावलेल्या अंगावर ती नीट चिकटतही नाही. वापरलेल्या पट्टीत लहान मुलाचा जीव घेण्याइतके औषध शिल्लक असते. चिकट बाजू आत घेऊन ती दुमडावी आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी काळजी घ्यावी.

आपल्या तालुक्याच्या गावी मॉर्फिन मिळत नाही, अशी तक्रारही प्रश्नात आहे, आणि ती खरी आहे. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी अफू व अल्कलॉइड कारखाने असलेल्या, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफूची शेती करणाऱ्या देशातच कर्करोगाचा रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळतो, याला विसंगतीशिवाय दुसरा शब्द नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळाला आणि शिक्षेच्या धास्तीला कंटाळून रुग्णालयांनी आणि दुकानांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले, आणि डॉक्टरांच्या पुढच्या पिढ्या ते लिहायला न शिकताच बाहेर पडल्या. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे "अत्यावश्यक" वर्गात आली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मंजुरी पुरेशी झाली. कागदावरची वाट सोपी झाली; संस्था मात्र अजून शहरांत एकवटलेल्या आहेत. केरळने गावपातळीवरील स्वयंसेवकांच्या जाळ्यातून हा प्रश्न बराच सोडवला. १९८६ साली देशातील पहिले हॉस्पिस (अखेरच्या टप्प्यातील रुग्णांचे शुश्रूषागृह), शांती अवेदना सदन, जिथे सुरू झाले ती मुंबई ज्या राज्यात आहे, त्या महाराष्ट्राला ते अद्याप जमलेले नाही. व्यवहारात एवढे करा: गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी विभागात जा, मूळ चिठ्ठी, वही आणि रिकाम्या पट्ट्या बरोबर न्या, रुग्णाला प्रवास झेपत नसेल तर नातेवाइकाला औषध मिळण्यासाठी काय लागते ते आधी विचारून ठेवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळालेले मॉर्फिन रुग्णासाठी घरात ठेवणे हा गुन्हा नाही. ते कुलपात ठेवावे, आठवड्यातून एकदा मोजावे, आणि उरलेल्या गोळ्या कोणा दुसऱ्या रुग्णाला परस्पर न देता त्याच संस्थेत परत कराव्यात.

आता आई. अमेरिकेत पाठीच्या, खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या जुनाट दुखण्याच्या २४० रुग्णांवर वर्षभर चाललेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ओपिऑइड घेणाऱ्या गटाचे हिंडणे-फिरणे ओपिऑइड नसलेली वेदनाशामके घेणाऱ्या गटापेक्षा जास्त सुधारले नाही, वेदना किंचित जास्तच राहिली आणि दुष्परिणाम अधिक झाले. गुडघ्यांच्या झिजेत ट्रॅमाडॉल महिनोन् महिने देण्याला आधार तोकडा आहे. दीर्घकाळ घेतल्यास काहींमध्ये ओपिऑइडमुळे उलट वेदनेची जाणीवच तीव्र होते, तो भाग वेगळा.

आईंच्या बाबतीत मला सर्वाधिक चिंता वाटते ती रात्रीच्या जोडीची. ओपिऑइड आणि क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी यांची गुंगी एकमेकीत मिसळते आणि श्वासावरचा दाबही वाढतो. त्यात सर्दीची झापड आणणारी गोळी, प्रीगाबालिन किंवा दारू यांची भर पडली तर धोका आणखी वाढतो. रात्री घोरताना श्वास अडकत असेल तर हे मिश्रण टाळलेच पाहिजे. मृत्यू दूरची गोष्ट म्हटली, तरी पहाटे बाथरूमला जाताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडणे ही मुळीच दूरची गोष्ट नाही. ट्रॅमाडॉलमुळे रक्तातील साखर कमी होऊ शकते, म्हणून मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना घाम-थरथर झाल्यास तो अशक्तपणा न समजता साखर तपासावी. फिट्सचा आजार असेल, किंवा एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारखी नैराश्यावरील औषधे चालू असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे. ट्रॅमाडॉलबरोबर त्यांचा मेळ बसत नाही. आणि ताप-सर्दीत घेतलेल्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, ते या गोळीतल्या पॅरासिटामॉलमध्ये नकळत जमा होते.

तरीही ही गोळी उद्यापासून बंद करू नका. आठ महिन्यांनंतर ती एकदम थांबवली, तर जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, बेचैनी, झोप उडणे आणि गुडघ्यांचा ठणका वाढणे, हे सर्व एक-दोन दिवसांत सुरू होईल. घरच्यांना वाटेल की गोळीची गरज सिद्ध झाली. प्रत्यक्षात तो औषध तुटल्याचा त्रास असतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने तीनाच्या दोन, दोन-तीन आठवड्यांनी एक, आणि मग बंद, असे उतरावे. कमी केलेल्या प्रत्येक गोळीच्या जागी नुसती पॅरासिटामॉल देता येते. त्रास झाला तर त्याच पायरीवर आणखी काही दिवस थांबावे. क्लोनाझेपामही एकाच वेळी कमी करायला घेऊ नये. आधी एक, मग दुसरे. दरम्यान गुडघ्यावर डायक्लोफिनॅकचे मलम, मांडीच्या स्नायूंचे रोजचे व्यायाम, भारतीय पद्धतीच्या शौचालयाऐवजी कमोड, हातात काठी, वजन थोडे तरी कमी करणे, आणि झीज फार असेल तर सांधा बदलण्याबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांशी एकदाचे स्पष्ट बोलणे, हे मार्ग आहेत. मधुमेहात मूत्रपिंडे जपायची असल्याने तोंडाने घ्यायच्या दाहशामक गोळ्या मनाने सुरू करू नयेत. "ट्रॅमाडॉल नको तर टॅपेंटाडॉल घ्या" असे कोणी सुचवील. तेही ओपिऑइडच आहे, आणि त्याचा स्नायू सैल करणाऱ्या कॅरिसोप्रोडॉलशी केलेला संयोग बनवण्याचे व निर्यातीचे परवाने मागे घेण्याची पाळी फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या नियामकांवर आली.

आठ महिने ही गोळी मिळत कशी राहिली, याचे उत्तर आपल्याला ठाऊकच आहे: जुनी पट्टी दाखवली की मेडिकलवाला नवी देतो. ट्रॅमाडॉल एच-१ या अनुसूचीत आहे. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो आणि दुकानदाराने चिठ्ठी पाहून वेगळ्या वहीत नोंद ठेवायची असते. २०१८ पासून ते अमली पदार्थविषयक कायद्याखालीही आले आहे.

दोघांपैकी कोणालाही हाक मारून, खांदा हलवूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली गेला असेल किंवा घशातून घरघर येत असेल, ओठ निळसर आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर ती झोप नव्हे. १०८ ला फोन करावा, कुशीवर वळवावे, तोंडात पाणी, चहा, काहीही घालू नये, आणि अंगावर फेंटानिलची पट्टी असेल तर काढावी. श्वास थांबल्यास फोनवरील सूचनेनुसार कृत्रिम श्वास द्यावा. कोणते ओपिऑइड किती घेतले, हे येणाऱ्या डॉक्टरांना लगेच सांगावे, कारण नॅलोक्झोनच्या इंजेक्शनने हा परिणाम मिनिटांत उलटवता येतो. त्याचा असर मात्र अनेकदा मूळ औषधाआधी संपतो, म्हणून जाग आल्यावरही रुग्णाला देखरेखीखाली ठेवावे लागते.

राहिली शारजाची यात्रा. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉल, कोडीन आणि अशी इतर औषधे नियंत्रित यादीत आहेत; ती बरोबर नेण्यासाठी तेथील सरकारची पूर्वपरवानगी ऑनलाइन घ्यावी लागते. परवानगीविना गोळ्या सापडल्यास विमानतळावरच अडवतात, आणि प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकते. क्लोनाझेपामलाही तोच नियम धरून चालावे. सर्वांत चांगले म्हणजे ट्रॅमाडॉलची उतरण याच आठवड्यात सुरू करणे. तीन महिन्यांत ती आरामात पूर्ण होते. उरलेल्या औषधांसाठी डॉक्टरांकडून इंग्रजीत, औषधांच्या मूळ नावांसह, मात्रा आणि आजार नमूद केलेले पत्र घ्यावे, गोळ्या मूळ वेष्टनात ठेवाव्यात, आणि परवानगीचा अर्ज तिकिटे काढण्यापूर्वी करावा.